ससा, हिरा आणि डायनोसॉर

बल्लारपूरला निघालात आणि खिडकीतून 'बल्लारपूर' अशी पाटी शोधत बसलात, तर गाडी तुम्हाला घेऊन थेट तेलंगणात पोचेल! कारण बल्लारपूरच्या स्टेशनवर पाटी आहे 'बल्लारशाह'. भद्रावतीला उतरायचं असेल तर 'भांदक' वाचून उतरावं लागतं. देसाईगंजला जायचं तर 'वडसा'. आणि चंद्रपूरला स्टेशनं दोन. एक चंद्रपूर, दुसरं चांदा फोर्ट.

ही काय भानगड आहे? एका गावाला दोन-दोन नावं कशाला?

गंमत अशी, की गावाचं नाव बदलायला सरकारचा एक कागद पुरतो. जुनं नाव मात्र इतक्या सहजासहजी जात नाही. ते कुठे ना कुठे चिकटून राहतं. चंद्रपूरचंच बघा. इंग्रजांच्या काळात या शहराला आणि जिल्ह्याला 'चांदा' म्हणत. 1964 च्या सुमारास चांदा जिल्ह्याचा चंद्रपूर जिल्हा झाला. त्याला साठ वर्षं उलटून गेली. पण चांदा फोर्ट हे नाव तसंच आहे. भद्रावतीजवळ लष्करासाठी दारूगोळा बनवणारा मोठा कारखाना आहे, त्याच्या नावातही 'चांदा'च आहे. चंद्रपूर स्टेशनचा रेल्वेतला कोड आहे 'सीडी'. त्यात 'पूर'चा पत्ता नाही, चांदा मात्र लगेच ओळखू येतो. खेड्यातली म्हातारी माणसं तर अजूनही "चांद्याले जातो" म्हणूनच घरून निघतात.

शिवाय 'चांदा ते बांदा' आहेच. अख्खा महाराष्ट्र म्हणायचं असेल की आपण हेच म्हणतो. बांदा हे गाव तिकडे दूर सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेला लागून. पूर्वेचं टोक चांदा, पश्चिमेचं टोक बांदा. 'चंद्रपूर ते बांदा' म्हणून बघा बरं. जमतं का? यमकच गेलं! म्हणून चांदा टिकलं.

कुत्र्याच्या मागे ससा

आता मोठा प्रश्न. चंद्रपूरला 'चंद्र' आला कुठून?

चंद्रपुरात कुणालाही विचारा, एक गोष्ट ऐकायला मिळेलच. फार वर्षांपूर्वी बल्लारपूरला खांडक्या बल्लाळशाह नावाचा गोंड राजा होता. त्याच्या अंगभर फोड आले होते. किती वैद्य झाले, पण गुण येईना. एकदा शिकारीला गेला असताना त्याला तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं पडलेलं. एका खळग्यात तेवढं पाणी दिसलं. राजा ते प्यायला, हातपाय धुतले आणि घरी येऊन गाढ झोपला. सकाळी बघतो तर फोड गायब! राणी हुशार होती. तिने ती जागा शोधून काढायला लावली. आज तिथे अंचलेश्वराचं देऊळ आहे.

पुढे राजा त्याच भागात पुन्हा शिकारीला गेला. तिथे त्याला एक अजब दृश्य दिसलं. कुत्रा सशाच्या मागे नव्हता, ससाच कुत्र्याच्या मागे लागला होता! सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. दोघं मोठा फेरा घेत पळाले आणि शेवटी ससा मेला. राणी म्हणाली, ही जमीन शूर आहे. हे दोघं जिथून पळाले त्या वाटेवर कोट बांधा. राजाने कोट बांधायला घेतला आणि त्या चंद्राच्या ठिपक्यावरून शहराचं नाव पडलं चंद्रपूर.

कोट खरा आहे. आजही चंद्रपुरात जाऊन हात लावून बघता येतो. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा असे त्याला चार दरवाजे आहेत आणि पाच खिडक्या आहेत. खिडकी म्हणजे घराची खिडकी नव्हे, माणसांनी जा-ये करायचा छोटा दरवाजा. त्यांतल्या एकीचं नाव ऐकून मजा वाटेल. चोर खिडकी!

पण ससा? तो खरा का?

इथे थोडं वैज्ञानिकासारखं वागूया. वैज्ञानिक गोष्टीला हसत नाही, पण लगेच मानही डोलावत नाही. तो आधी विचारतो, "हीच गोष्ट आणखी कुठे सांगतात का?" आणि काय आश्चर्य! गुजरातेत अहमदाबादबद्दल हीच गोष्ट सांगतात. तिथे सुलतान अहमदशाहाने ससा कुत्र्यावर धावून गेलेला बघितला म्हणे. कर्नाटकात विजयनगरबद्दलही हेच. तिथेही ससा शिकारी कुत्र्यांवर उलटला. आता एवढे शूर ससे एकाच देशात, आणि प्रत्येक जण राजासमोरच पराक्रम करणार? यावरून एवढं कळतं, की ही गोष्ट गावोगाव फिरलेली आहे. नवी राजधानी वसली की 'इथली माती शूर आहे' हे सांगायला लोक हीच गोष्ट सांगत.

पण चंद्रपूरच्या सशाच्या कपाळावरच चंद्र का? मला वाटतं, याचं उत्तर आभाळात आहे. चंद्रावरचा डाग सशासारखा दिसतो म्हणून चंद्राला 'शशी' आणि 'शशांक' म्हणतात. शश म्हणजे ससा. शहराच्या नावात चंद्र आला, की गोष्टीतल्या सशाच्या कपाळावर चंद्र येणारच!

म्हणजे पुष्कळदा नाव आधी असतं आणि गोष्ट मागाहून येते. हा आपला पहिला धडा.

हिऱ्याचा किल्ला

आता गडचिरोली जिल्ह्यात जाऊ. आरमोरी तालुक्यात वैरागड नावाचं गाव आहे. तिथे दगडी किल्ला आहे, भोवती खंदक आहे. गावात सांगतात, फार प्राचीन काळी इथे वैरोचन नावाचा राजा होता, त्याच्यावरून वैरागड.

छान. पण आता फक्त गोष्ट ऐकून थांबायचं नाही. जुन्यात जुन्या लिखाणात हे नाव कसं लिहिलंय ते शोधायचं. हा दुसरा धडा.

आणि शोधायला जायचं कुठे, तर थेट तमिळनाडूत! सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वी तिथे पहिला कुलोत्तुंग नावाचा चोळ राजा होऊन गेला. त्याच्या काळातल्या तमिळ लेखांत त्याचे पराक्रम कोरले आहेत. त्यात म्हटलंय, की त्याने तरुणपणी 'वयिरागरम्' इथे हत्तींचे कळप पकडले. हे वयिरागरम् म्हणजे आपलं वैरागड, असं बऱ्याच इतिहासकारांचं मत आहे.

तमिळमध्ये 'वयिरम्' म्हणजे हिरा. संस्कृतात हिऱ्याला 'वज्र' म्हणतात आणि खाणीला 'आकर'. वज्र + आकर = वज्राकर, म्हणजे हिऱ्यांची खाण. प्राकृत भाषेत 'वज्र'मधला 'ज' गळून 'वइर' झाला आणि 'आकर'चा 'आगर' झाला. मिठागर म्हणतो ना आपण, त्यातलाच हा 'आगर'. वइर-आगर, वइरागर, वैरागर. पुढे लोकांनी 'आगर'च्या जागी ओळखीचा 'गड' म्हणायला सुरुवात केली. समोर किल्ला उभा असल्यावर कुणीही गडच म्हणणार की!

मग इथे खरंच हिरे होते का? अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात या भागातल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख वैरागडच्या नावाने आलेला आहे. म्हणजे तमिळ लेख एका बाजूने आणि उत्तरेकडचा फारसी ग्रंथ दुसऱ्या बाजूने. एकमेकांना कधी न भेटलेले दोन साक्षीदार एकाच गावाबद्दल जुळणारी माहिती देतात. वैरोचन राजाच्या बाजूने मात्र असा साक्षीदार पुढे येत नाही. तुम्ही न्यायाधीश असता तर निकाल कुणाच्या बाजूने दिला असता?

नावाचा शेवट बघा

गावांची नावं वाचायची एक सोपी युक्ती आहे. आधी शेवट बघायचा. शेवटावरून भाषा कळते.

'पूर' म्हणजे नगर. हा शब्द संस्कृतातला. चंद्रपूर, बल्लारपूर, नागपूर आणि सिंगापूरसुद्धा! सिंगापूर म्हणजे सिंहपूर. व्यापारी आणि पंडित यांच्याबरोबर आपला 'पूर' समुद्र ओलांडून गेला.

चंद्रपूरहून दक्षिणेकडे निघा. आलापल्ली, एटापल्ली. 'पूर' मागे पडला, 'पल्ली' सुरू झाली. तेलुगूत पल्ली म्हणजे खेडं. अहेरीच्या पुढे गुड्डीगुडमसारखी नावं लागतात. 'गुडेम' म्हणजे तेलुगूत छोटी वस्ती. सिरोंचा तालुक्यात तर दुकानांतून तेलुगू ऐकू येतं, नदीच्या पलीकडच्या काठावर तेलंगणा दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरावर कोलाम लोकांच्या वस्त्यांना 'गुडा' म्हणतात. गुडेम आणि गुडा, नातं लगेच कळतं की नाही?

अहेरी तालुक्यात येरमनार नावाचं गाव आहे. याचा शेवट बघा, 'नार'. हा शब्द तेलुगू नाही आणि मराठीही नाही. तो गोंडी आहे. गोंडीत नार म्हणजे गाव. मग 'येरम' म्हणजे काय? गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात आणि म्हशीला 'येर्मी'. पाण्याचं गाव की म्हशीचं गाव? थांबा, घाई नको! हा तिसरा धडा. शब्दकोश उघडून अंदाज बांधणारा इथे हमखास घसरतो. गावातल्या गोंडी बोलणाऱ्या आजीला विचारल्याशिवाय वहीत पक्कं काही लिहायचं नाही.

काही नावांत तर दोन भाषा गळ्यात गळा घालून बसलेल्या असतात. चंद्रपूरहून मूलकडे जाताना चिचपल्ली लागतं. इथे बांबूच्या कामाचं प्रशिक्षण देणारी मोठी संस्था आहे. आपल्या झाडी बोलीत चिंचेला 'चिच' म्हणतात. पुढे 'पल्ली'. चिच मराठी, पल्ली तेलुगू. एकाच पाटीवर दोन शेजारी!

झाड, पाणी आणि वाघ

या सगळ्या मुलखाला 'झाडीपट्टी' म्हणतात. झाडीपट्टीची नाटकं तुम्ही ऐकली असतील. दिवाळीनंतर धानाची कापणी झाली की रात्र-रात्र चालतात आणि वडसा हे त्यांचं मोठं केंद्र आहे. मुलखाचं नावच झाडी असेल तर गावांच्या नावांत झाडं असणारच. चिमूर तालुक्यात जांभूळघाट. गोंडपिपरीत पिंपळ, आणि त्याच्या आधी गोंड. पळसगाव नावाची गावं तर किती! वरोरा तालुक्यात टेमुर्डा आहे. तेंदूच्या झाडाला आपण टेंभुर्णी म्हणतो आणि त्याच्याच पानांच्या विड्या करतात, तेव्हा टेमुर्ड्यात टेंभुर्णी ऐकू येते का बघा.

इथे आणखी एक तपासणी करता येते. गावाच्या नावात जे झाड आहे ते गावाच्या शिवारात अजून आहे का, ते बघायचं. असेल तर उत्तम. नसेल तर ते का गेलं, हा त्याहून चांगला प्रश्न. नावातून जुन्या जंगलाचा नकाशा तयार करता येतो. पर्यावरणाचा अभ्यास करणारे लोक खरंच असं करतात.

पाण्याची नावंही भरपूर. नागभीड तालुक्यात घोडाझरीचा तलाव आहे. 'झरी' म्हणजे झरा. एखाद्या गावाचं नाव झरीने संपत असेल तर उन्हाळ्यातही तिथे कुठेतरी ओल सापडायची शक्यता दांडगी.

आणि ताडोबा? वाघ बघायला जगभरातून लोक येतात तो ताडोबा! हे नाव वाघावरून नाही, पण वाघाशी झुंजणाऱ्या माणसावरून आहे. इथले गोंड लोक सांगतात, की तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी लढताना मेला. लोकांनी त्याला देव मानलं. तलावाच्या काठी, मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. 1955 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. महाराष्ट्रातलं हे सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. पुढे शेजारचं अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा जंगलातून वाहणाऱ्या अंधारी नदीचं नावही जोडलं गेलं. म्हणून पूर्ण नाव ताडोबा-अंधारी. एक देव, एक नदी आणि राहणारे वाघ!

आडनाव असलेली गावं

वर्गात दोन पूजा असल्या की बाई आडनावाने हाक मारतात. गावांचंही तसंच आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा गाव फार प्रसिद्ध आहे. सगळा गाव एकत्र बसून, सगळ्यांचं एकमत झालं तरच निर्णय घेतो. 2009 मध्ये या गावाला आपल्या भोवतीच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण मेंढा नावाची गावं बरीच! म्हणून शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून याला 'मेंढा (लेखा)' म्हणतात.

मूल, पोंभुर्णा, गोंडपिपरी या बाजूला फिरलात तर 'चेक' लावलेली गावं दिसतील. चेक आष्टा वगैरे. बँकेच्या चेकशी याचा काही संबंध नाही बरं! मूळ शब्द 'चक', म्हणजे जमिनीचा वेगळा काढलेला तुकडा. त्या तुकड्यावर वस्ती झाली आणि मोठ्या गावाचं नाव पुढे लावून नवं गाव तयार झालं. काही गावांच्या नावापुढे 'रीठ' लिहिलेलं असतं. रीठ म्हणजे उजाड झालेलं गाव. माणसं निघून गेली, पण तलाठ्याच्या कागदावर नाव राहिलं.

काही नावं मात्र लोकांनी ठरवून, विचार करून ठेवलेली असतात. मुलचेरा तालुक्यात विवेकानंदपूर, सुंदरनगर अशी गावं आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना 1960 च्या दशकात या जंगलात जमिनी दिल्या गेल्या. त्यांनी आपल्या नव्या गावांना बंगालशी नातं सांगणारी नावं दिली. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभारली. तेव्हा लोक कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही भीत. त्या उजाड माळाचं नाव त्यांनी ठेवलं आनंदवन. आज तिथे खरोखरच वन आहे.

गावाने नाव दिलं डायनोसॉरला

आतापर्यंत आपण गावांना नावं कुठून मिळाली ते बघितलं. एका गावाने मात्र उलटं केलं. त्याने दुसऱ्याला नाव दिलं, आणि तेही एका डायनोसॉरला!

सिरोंचापासून थोडं उत्तरेला, प्राणहिता नदीच्या काठावर कोटा नावाचं छोटंसं गाव आहे. इथल्या खडकांचे थर फार जुने, ज्युरासिक काळातले. भूवैज्ञानिक एखाद्या थराला जवळच्या गावाचं नाव देतात. तशी रीतच आहे. म्हणून या खडकांचं नाव पडलं 'कोटा फॉर्मेशन'. याच थरात, नदीपलीकडच्या तेलंगणातल्या यमनपल्ली गावाजवळ एका प्रचंड प्राण्याची हाडं सापडली. लांब मान, लांब शेपटी, झाडपाला खाणारा, साधारण 9 मीटर लांब. 1988 मध्ये त्याचं बारसं झालं. नाव ठेवलं 'कोटासॉरस यमनपल्लिएन्सिस'. पहिल्या नावात आपलं कोटा, दुसऱ्यात यमनपल्ली. त्याचा सांगाडा आज हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. जगात कुठेही, कुठल्याही भाषेतल्या पुस्तकात हा डायनोसॉर आला, की सिरोंचा तालुक्यातल्या एका खेड्याचं नाव घ्यावंच लागतं.

आता तुमची पाळी

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. चंद्रपूरचे 15 तालुके आणि गडचिरोलीचे 12, त्यात कितीतरी गावं. सगळ्यांच्या नावांचा शोध एकटा माणूस घेऊ शकत नाही. तुमच्या गावाचा शोध तुम्हीच घ्यायचा.

एक वही घ्या. गावातल्या तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं गाठून विचारा, "आपल्या गावाचं नाव कसं पडलं?" तिघांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहा. उत्तरं जुळली नाहीत तरी खोडू नका, कारण न जुळणारं उत्तरच पुष्कळदा जास्त कामाचं असतं. मग नावाचा शेवट बघा आणि आजूबाजूच्या दहा गावांच्या नावांशी ताडून बघा. तलाठ्याकडे गावाचा जुना नकाशा असतो, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन तो बघून या. शेवटी शिवारात फिरून झाड, झरा, टेकडी शोधा. वर्गात कुणी गोंडी, माडिया, तेलुगू किंवा बंगाली बोलणारं असेल तर त्याला आधी गाठा. या शोधात खरा तज्ज्ञ तोच.

आणि एक काम नक्की करा. गावाचं नाव सरकारी कागदावर असतं, ते कुठे जाणार नाही. पण तुमच्या शिवारातल्या बोड्या, नाले, टेकड्या, पाणवठे आणि शेताचे तुकडे यांनाही नावं असतात. त्यांतली बरीचशी कुठल्याच नकाशावर नाहीत. ती फक्त गुराख्याला, मोहफुलं वेचणाऱ्या काकूंना आणि तुमच्या आजोबांना ठाऊक आहेत. ती आधी लिहून घ्या. या उन्हाळ्याच्या सुट्टीतच.